अकरा ठिकाणं, बेचाळीस मुलं आणि एकच दिवस

प्रश्न: ताई, आमच्या वर्गाची एक दिवसाची सहल ठरलीय, मोठ्या शहरात, आम्ही ४२ जण आणि सोबत दोन सर. मी सीआर, म्हणजे वर्गप्रतिनिधी असल्यामुळे प्लॅन माझ्याच गळ्यात पडलाय. ग्रुपवर प्रत्येकाने आपापली आवड टाकली आणि यादी झाली ११ ठिकाणांची. मॅपवर बघितलं तर सगळं जवळजवळच दिसतंय पण सर म्हणतात जमणार नाही. सकाळी ९ ते संध्याकाळी ६ एवढा वेळ आहे. जमेल ना?

उत्तर: नाही जमणार रे. सर बरोबर बोलतायत. ११ पैकी ८ आत्ताच खोड आणि वाईटपणा घे, सीआरला तो घ्यावाच लागतो.

कसंय, मॅप जो वेळ दाखवतो तो एकट्या माणसाचा असतो. ४२ जणांचा घोळका सगळ्यात हळू चालणाऱ्याच्या स्पीडने चालतो आणि दर सिग्नलला त्याचे दोन तुकडे होतात, पुढचे पलीकडे जाऊन थांबलेले, मागचे अलीकडे हात हलवत उभे. आता हिशोब कर. दारात बॅग चेकिंगला माणशी २० सेकंद धरले तरी १४ मिनिटं. टॉयलेट दोनच असली आणि माणशी दोन मिनिटं धरली तर झाली ४२ मिनिटं, आणि अजून बघून काहीच झालेलं नाही! ११ ठिकाणं म्हणजे हे सगळं ११ वेळा, उतरा मोजा रांग लावा परत मोजा चढा. आणि जवळजवळचं म्हणशील तर वॉशिंग्टनचा नॅशनल मॉल बघ, दुकानांचा मॉल नव्हे, लांबलचक मोकळं मैदान आहे ते, मॅपवर बोटभर हिरवा पट्टा दिसतो, पण एका टोकाच्या कॅपिटलपासून, म्हणजे त्यांच्या संसदेपासून, दुसऱ्या टोकाच्या लिंकन मेमोरियलपर्यंत चालायला लागलं की सरळ ३ किलोमीटर.

तीनातलं म्युझियम एकच ठेव आणि तेही सकाळी, पाय ताजे असताना. बॉस्टनच्या म्युझियममधल्या गिलमन नावाच्या गृहस्थांनी १९१६ मध्येच यावर लेख लिहिलाय, त्यांनी एका माणसाला काचेच्या कपाटांसमोर उभं करून त्याचे फोटो काढले, बिचारा कुठे कंबरेत वाकलाय, कुठे उकिडवा बसलाय, कुठे मान वाकडी करून लेबल वाचतोय. म्हणजे नुसत्या चालण्याने नाही, अशा कसरतीनेही माणूस थकतो. त्यामुळे अख्खं म्युझियम बघायचा हट्ट नको, एक-दोन दालनं पुरे. पॅरिसच्या लूव्रमध्ये साधारण ३५,००० वस्तू मांडलेल्या आहेत, एकेकीसमोर एकच मिनिट थांबलास तरी न झोपता २४ दिवस लागतील.

आणि हो, सुट्टीचा वार आधी बघ. सगळी म्युझियमं सोमवारी बंद असं डोक्यात धरून चालू नकोस, लूव्र मंगळवारी बंद असतं आणि नदीपलीकडचं ऑर्से सोमवारी, एकाच शहरात ही तऱ्हा, आणि आपला ताजमहाल शुक्रवारी.

आता सगळ्यात महत्त्वाचं, मोजणी. मी शिकवत होते तेव्हा एका सहलीत बसमध्ये डोकी मोजली, ३८ पाहिजे होती, ३८ भरली, म्हटलं चला. पाच मिनिटांनी मागच्या सीटवरून आवाज आला, बाई, हा आपला नाहीये. बघते तर दुसऱ्याच शाळेचा मुलगा, आमच्यासारखीच पिवळी टोपी, खिडकीशी निवांत बसलेला, आणि आमचा एक पोरगा तिकडे गेटपाशी त्यांच्या रांगेत उभा! तेव्हापासून डोकी मोजणं बंद. प्रत्येकाला नंबर द्यायचा आणि ज्याने त्याने आपला नंबर मोठ्याने म्हणायचा, नंबर अडला की कोण राहिलं ते लगेच कळतं. भेटायची जागाही नुसती गेटपाशी अशी ठरवू नकोस, मोठ्या इमारतीला चार-चार गेटं असतात, एखादा पुतळा धर, तो एकच असतो.

प्रश्न: आमच्या विद्यार्थ्यांसाठी गाईड घ्यायचाय. मुलं ५० च्या आसपास आहेत. एकच गाईड आणि हातात माइक-स्पीकर, असं चालेल का? एजंट तर चालेल म्हणतोय.

उत्तर: एजंट म्हणणारच, त्याला एकाच गाईडचे पैसे द्यायचेत. पण जिथे जाताय तिथले नियम बघा. व्हेनिसने २०२४ पासून गाईडसोबतच्या ग्रुपला २५ ची मर्यादा घातलीय आणि स्पीकरला बंदी, ॲमस्टरडॅमच्या जुन्या भागात तर २०२० पासून १५ च्या वर नाही. तिथे राहणाऱ्यांच्या खिडकीखाली दिवसभर स्पीकर वाजले तर वैतागतीलच ना ती माणसं.

आणि नियम नसला तरी ५० जणांत मागच्या २० जणांना काही ऐकू येत नाही, ते मोबाईल बघतात, मग आपण त्यांच्यावर ओरडतो. दोन तरी गाईड घ्या, प्रत्येक तुकडीबरोबर एक शिक्षक, आणि एक तुकडी उलट्या क्रमाने फिरवा म्हणजे एकाच दारात दोन्ही येऊन थडकणार नाहीत. गाईड बोलायला लागला की उन्हाकडे तोंड त्याचं असू द्या, मुलांची पाठ. डोळ्यांवर ऊन आलं की पोरं खाली बघतात आणि गाईडला वाटतं यांना इंटरेस्टच नाही.