वाचकांचे प्रश्न : मॅडम वॉकर यांचे खरे काम

प्रश्न : अमेरिकेतील कृष्णवर्णीय उद्योजिका मॅडम सी. जे. वॉकर यांचा उल्लेख नेहमी गौरवानेच होतो. पण त्यांनी आपल्याच समाजातील स्त्रियांना गोऱ्या स्त्रियांसारखे सरळ केस करायला लावले, असेही वाचण्यात आले. मग हा गौरव योग्य आहे का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : हा आक्षेप वॉकर यांच्या हयातीतही घेतला जात होता, आणि तो सरसकट झटकून टाकता येणार नाही, कारण त्यांच्या केशोपचार पद्धतीत तापवलेल्या लोखंडी कंगव्याचाही वापर होता. मात्र हा कंगवा वॉकर यांनी शोधून काढला, हा समज चुकीचा आहे. तो त्यांच्या आधीपासून प्रचारात होता, आणि आपल्याला ‘केस सरळ करणारी’ म्हटलेले त्यांना आवडत नसे. त्यांचे मुख्य उत्पादन म्हणजे डोक्याच्या त्वचेला लावायचे गंधकयुक्त मलम. घरात नळाचे पाणी नाही, केस वरचेवर धुणे शक्य नाही, आहार निकस, अशा परिस्थितीत कोंडा व त्वचारोग यांमुळे असंख्य गरीब स्त्रियांचे केस गळत असत. वॉकर यांचे स्वतःचेही गळले होते.

त्यांचे मूळ नाव सारा ब्रीडलव्ह. लुइझियाना राज्यातील डेल्टा या गावी 23 डिसेंबर 1867 रोजी त्यांचा जन्म झाला. आईवडील गुलामगिरीत राबलेले, आणि त्या घरात स्वतंत्र म्हणून जन्मलेले हे पहिलेच अपत्य. सातव्या वर्षी पोरकेपण, चौदाव्या वर्षी लग्न, विशीत वैधव्य, पदरात एक लहान मुलगी. पुढे सेंट लुइस शहरात त्यांनी अनेक वर्षे लोकांची धुणी धुतली. ॲनी टर्नबो (पुढे मलोन) या कृष्णवर्णीय उद्योजिकेची केसांची उत्पादने विकत त्या या व्यवसायात शिरल्या. वॉकर यांची कीर्ती सांगताना मलोन यांना विसरणे मला अन्यायाचे वाटते, कारण घरोघर जाणाऱ्या प्रशिक्षित विक्रेत्या स्त्रियांचे जाळे मलोन यांनी आधीच उभारायला घेतले होते.

वॉकर यांनी 1910 मध्ये आपला उद्योग इंडियानापोलिस येथे नेला, तेथे कारखाना काढला आणि हजारो स्त्रियांना प्रशिक्षण देऊन स्वतःच्या कमाईचे साधन दिले. मोलकरणीचे किंवा शेतमजुरीचे काम एवढेच पर्याय ज्यांच्यासमोर होते, त्यांच्या दृष्टीने याचे मोल किती असेल! 1912 मध्ये शिकागोत कृष्णवर्णीय व्यावसायिकांची परिषद भरली, तेव्हा परिषदेचे अध्यक्ष, कृष्णवर्णीय समाजाचे त्या काळचे मोठे नेते बुकर टी. वॉशिंग्टन, हे वॉकर यांना बोलू देईनात. अखेर त्या स्वतःच उठल्या आणि कापसाच्या शेतातून धुण्याच्या टबापर्यंत, तिथून स्वयंपाकघरापर्यंत आणि तिथून स्वतःच्या जागेवरील स्वतःच्या कारखान्यापर्यंत आपण कशा आलो, हे त्यांनी भर सभेत सांगितले. पुढच्याच वर्षी याच परिषदेत त्या निमंत्रित वक्त्या होत्या.

1917 मध्ये फिलाडेल्फिया येथे त्यांनी आपल्या विक्रेत्या स्त्रियांचे अधिवेशन भरवले. तेथे सर्वाधिक विक्रीसाठी बक्षिसे होतीच, पण आपापल्या गावी सर्वाधिक दानधर्म करणाऱ्यांनाही बक्षिसे होती. कृष्णवर्णीयांना जमावाकडून ठार मारण्याचे प्रकार रोखावेत, अशी तार त्याच अधिवेशनाने राष्ट्राध्यक्ष विल्सन यांना पाठवली. 1919 मध्ये निधनापूर्वी वॉकर यांनी याच लढ्यासाठी 5,000 डॉलर देऊ केले. केशप्रसाधनाचा धंदा करणाऱ्या स्त्रियांनी राष्ट्राध्यक्षांना जाब विचारावा, हे त्या काळी किती धाडसाचे होते! माझ्या मते त्यांचा गौरव व्हायचा तो या संघटनेसाठी. संपत्तीचा आकडा त्यापुढे दुय्यम आहे.

प्रश्न : केसांच्या ठेवणीला अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजात एवढे महत्त्व का? आजही हा प्रश्न उरला आहे का? (एक विद्यार्थिनी, नाशिक)

उत्तर : केसांवर सत्तेनेच बंधने घातली, हे त्याचे मोठे कारण. लुइझियाना स्पेनच्या ताब्यात असताना, 1786 मध्ये गव्हर्नर मिरो यांनी आफ्रिकी वंशाच्या स्वतंत्र स्त्रियांनी केस रुमालाखाली झाकावेत असे फर्मान काढले. त्या स्त्रियांनी रुमाल बांधले खरे, पण उंची, रंगीत कापडाचे आणि अशा डौलाने, की मानखंडनेसाठी लादलेले ते वस्त्र त्यांचे भूषण ठरले.

सौंदर्यस्पर्धांच्या व्यासपीठावर मान्यता मिळायला फार काळ लागला. त्रिनिदाद-टोबॅगोच्या जॅनेल कमिसिओंग या 1977 मध्ये पहिल्या कृष्णवर्णीय विश्वसुंदरी (मिस युनिव्हर्स) ठरल्या. दक्षिण आफ्रिकेच्या झोझिबिनी तुंझी यांनी 2019 मध्ये हा किताब जिंकला तो आपल्या नैसर्गिक, अगदी आखूड केसांसह, आणि आपल्यासारखी त्वचा व केस असलेल्या स्त्रीला सुंदर न मानणाऱ्या जगात आपण वाढलो, असे त्यांनी त्याच मंचावरून सांगितले.

प्रश्न आजही उरलेला आहे. नैसर्गिक कुरळ्या केसांवरून किंवा बारीक वेण्यांवरून नोकरीत आणि शाळेत भेदभाव करण्यास मनाई करणारा कायदा अमेरिकेत प्रथम कॅलिफोर्निया राज्याने 2019 मध्ये केला. त्यानंतर इतर अनेक राज्यांनी तसे कायदे केले. संपूर्ण देशासाठीचे विधेयक मात्र 2022 मध्ये प्रतिनिधिगृहात संमत होऊनही सिनेटमध्ये अडले.