कोपीत वाढलेल्या वडिलांचं पत्र

माजलगाव तालुक्यातल्या एका शिक्षकांनी लिहिलंय : ‘मुलगी एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) झाली. ऊसतोड कुटुंबांच्या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेत केसवर्कसाठी सहा महिन्यांची इंटर्नशिप मिळतेय, मानधन जेमतेम. मी स्वतः कोपीत, म्हणजे ऊसतोड कामगारांच्या तात्पुरत्या झोपडीत, वाढलो. सहावीत आईबापाबरोबर कारखान्याला गेलो, परत आलो तर पटावरून नाव कमी झालेलं. त्यातून बाहेर पडायला अर्धं आयुष्य गेलं आणि पोरगी शिकून परत तिथंच चाललीय. लोक काय म्हणतील? तिला एमपीएससीकडं वळवा.’

सर, नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं. एमपीएससीची एक ओळ, बाकी सगळी कोपी. तुम्हाला मानधनाची चिंता कमी आणि ‘मास्तरची पोरगी फडावर गेली’ या बोलण्याची जास्त आहे, असं मला वाटलं. चुकत असेन तर खुशाल रागवा. पण उचल, म्हणजे मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम, फेडायला उसाच्या फडावर जाणं वेगळं आणि तिथल्या पोराच्या शाळेचं बघायला जाणं वेगळं. तुमचं नाव पटावरून गेलं तेव्हा शाळेत येऊन विचारणारं कुणी नव्हतं. तुमची मुलगी तेच विचारायला निघालीय.

‘समाजसेवा लग्नानंतरही करता येईल,’ असंही तुम्ही लिहिलंय. वह्या-कपडे वाटून फोटो काढणं, असं काहीतरी तुमच्या डोळ्यांसमोर असावं. केसवर्क म्हणजे एका मुलाची एक फाइल. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळी निघाली की प्रश्न सुरू होतात : पोर गावातल्या हंगामी वसतिगृहात राहील का? आजीला झेपेल का? बरोबर गेलं तर कारखान्याजवळच्या शाळेत नाव कोण घालणार? तिथले मुख्याध्यापक आधीची शाळा सोडल्याचा दाखला मागतात. शिक्षण हक्क कायदा, 2009 चं कलम 5 सांगतं की दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. हे आवाज न चढवता आणि जागचं न हलता सांगणं शिकावं लागतं. चौदा वर्षांच्या मुलीचं लग्न ठरल्याचं कानावर आलं तर 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला कळवायचं, बाल कल्याण समितीपुढे काय मांडायचं हे वरिष्ठांबरोबर ठरवायचं, गृहभेटीची नोंद त्याच दिवशी लिहायची. आणि फोटो? अशा मुलांची ओळख प्रसिद्ध करणं 2015 च्या बाल न्याय कायद्यानं गुन्हाच आहे.

एमपीएससी सहा महिन्यांनी कुठं पळून जात नाही. मात्र या क्षेत्रात पुढंही पगार बेताचाच, जिल्हा बाल संरक्षण कक्षातली पदंसुद्धा बहुतेक कंत्राटी. हे तिला आताच माहीत असावं.

खरी काळजी करायची तर सुरक्षिततेची करा. तोडणी करणारे कोपीवर परततात तेव्हा दिवस कललेला असतो, म्हणून भेटीही तेव्हाच होतात. बरोबर कोण असेल, परत कोण सोडेल, तिच्या नोंदी कोण तपासेल, हे संस्थेकडून लेखी घ्या. नव्या मुलीला एकटीला पाठवत असतील तर मीच म्हणेन, जाऊ नको.

वळवण्याचं काम मात्र माझ्याकडून होणार नाही. एवढ्या लांबलचक पत्रात तिचं स्वतःचं म्हणणं एका वाक्यातही नाही. पुढचं पत्र तिला लिहू द्या, आणि पाठवण्याआधी वाचू नका.