वाचक विचारतात: लायनेलच्या खेळण्यातल्या इंजिनाची चाकं काढायला प्रेस कुठला घेऊ?

प्रश्न: नमस्कार दादा, मी एडिसन, न्यू जर्सीला राहतो. गराज सेलमधून लायनेल या अमेरिकन कंपनीचं १९५० च्या आसपासचं, ओ गेज मापाचं खेळण्यातलं स्टीम इंजिन घेतलंय, पण एक ड्रायव्हिंग चाक अॅक्सलवर (आसावर) सैल फिरतं आणि साइड रॉड (चाकांना जोडणारा दांडा) अडकतो. अर्ध्या टनाचा आर्बर प्रेस (हाताने दांडा ओढून दाब देणारं यंत्र) घेऊ की एक टनाचा? का घरातल्या ड्रिल प्रेसवर भागेल?

उत्तर: तुमच्या हाती छान चीज लागलीये, लायनेलचा कारखाना इरविंग्टनला म्हणजे तुमच्याच राज्यात होता. प्रेस एक टनाचा घ्या, पण ताकदीसाठी नाही हं, ताकद अर्ध्या टनातही पुरते. एक टनवाल्यात उंची जास्त मिळते, आणि चाक, अॅक्सल, खालचा सपोर्ट, वरून ढकलणारा पंच हे सगळं रॅमखाली (प्रेसच्या वर-खाली होणाऱ्या दांड्याखाली) मावायला हवं ना. दुकानात रॅम हाताने डावी-उजवीकडे हलवून बघा, लुळा असेल तर तो प्रेस सोडून द्या, कारण अॅक्सल जरा जरी तिरका गेला तरी चाकाचं भोक मोठं होतं आणि मग ते चाक कधीच घट्ट बसत नाही. ड्रिल प्रेसची बेअरिंग्ज असा दाब झेलायला केलेली नसतात, त्यावर नको.

खरा जीव सपोर्टमध्ये आहे. ही चाकं बऱ्याचदा जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव असतात, दाब कडेवर आला की आरे तुटतात, म्हणून सपोर्ट हबला (चाकाच्या मधल्या जाड भागाला) अगदी चिकटून हवा आणि पंच अॅक्सलपेक्षा किंचित बारीक. स्क्रूड्रायव्हरने उचकटायचं तर मनातही आणू नका, काढायला व्हील पुलर (चाक ओढून काढायचं हत्यार) उत्तम, लायनेलच्या सर्व्हिस स्टेशनांकडेही या कामाची वेगळी टूल्स असायची. चाकाला आधीच तडा असेल किंवा धातू फुगलेला दिसला तर दुसरं चाक शोधा, असं चाक दाबाखाली फुटतंच.

अजून घट्ट असलेलं चाक काढायचं असेल तर आधी अॅक्सलच्या टोकावर आणि चाकावर मिळून एक बारीक रेघ मारून ठेवा. एका बाजूची क्रँक पिन (चाकावरची, रॉड अडकवायची खुंटी) दुसऱ्या बाजूपेक्षा ९० अंश पुढे असते, त्यालाच क्वार्टरिंग म्हणतात, आणि बाकीच्या अॅक्सलांशी ते जुळलं नाही की रॉड अडकतो, तुमचं तेच झालंय. अॅक्सलच्या टोकाला बारीक दाते असतील तर जुन्याच खाचांत बसवा. त्याच इंजिनाच्या चांगल्या अॅक्सलवर दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर कॅलिपरने मोजा, तेवढ्याच जाडीचा लोखंडी तुकडा घोड्याच्या नालासारखा कापून मध्ये ठेवा, म्हणजे चाक तिथेच थांबतं. थोडं दाबा, बघा, परत दाबा. शेवटी रॉड लावून चाकं हाताने पूर्ण फेरा फिरवा. भोकच सैल झालं असेल तर तेल नीट पुसून रिटेनिंग कंपाउंडचा (धातूचे भाग पक्के धरणाऱ्या द्रवाचा) एक थेंब, पण बेअरिंगमध्ये अजिबात जाऊ देऊ नका.

प्रश्न: पुण्याहून लिहितेय. माझं एचओ मापाचं (ओ गेजपेक्षा लहान) मॉडेल डिझेल इंजिन चालताना एका लयीत टक-टक करतं. मला पण प्रेस लागेल का दादा?

उत्तर: नाही ताई, पैसे वाचवा. बऱ्याच एचओ डिझेलमध्ये दोन अर्धे अॅक्सल पोकळ प्लॅस्टिक गिअरमध्ये दोन्हीकडून घुसवलेले असतात, म्हणजे दोन बाजूंची वीज वेगळी राहते, आणि तो गिअर वर्षांनी चिरतो. गिअर बाहेर काढून भिंगाखाली दातांच्या खाचा बघा, चीर तिथेच असते. गोंदाचा उपयोग नाही, या प्लॅस्टिकला तो धरतच नाही, नवीन गिअरच टाका. गुळगुळीत जबड्यांचा छोटा बेंच व्हाइस पुरे. गिअर गरम पाण्यात थोडा वेळ ठेवला, कोरडा केला की अॅक्सल सोपा जातो, आणि तरीही फार जोर लागत असेल तर थांबा, रीमरने भोक केसभर वाढवा, नाहीतर नवीन गिअरही चिरणार. मग एनएमआरएच्या (अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वे संघटनेच्या) गेजने चाकांमधलं अंतर तपासा आणि गिअर बरोब्बर मध्ये आलाय ना तेही, नाहीतर तो गिअरबॉक्सला घासत राहील.