पेशीविज्ञानातील संशोधन: कमाई केव्हा, कायम नोकरी केव्हा?

प्रश्न : माझी मुलगी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकली असून सध्या बेळगावात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला पेशीविज्ञानात संशोधन करायचे आहे. नातेवाईक म्हणतात, बी.एड. करून मोकळी हो. या क्षेत्रात स्थिरस्थावर व्हायला किती वर्षे लागतात? (एक पालक, खानापूर)

उत्तर : कमाई आणि कायम नोकरी या दोन गोष्टी येथे वेगळ्या धराव्या लागतात. एम.एस्सी.नंतर सीएसआयआर-यूजीसी नेट परीक्षेतून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाल्यास पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये मिळतात, त्यामुळे पीएच.डी.च्या पाच-सहा वर्षांत घरावर फारसा भार पडत नाही. कायम जागेसाठी मात्र त्यानंतरही काही वर्षे पोस्ट-डॉक्टरल काम, म्हणजे पीएच.डी.नंतरचे मुदतीचे संशोधन, करावे लागते आणि तोवर तिशी उलटलेली असते. ही गोष्ट नातेवाइकांपासूनही लपवू नये.

माध्यमाची चिंता नसावी. महाराष्ट्र की कर्नाटक, हा सीमाभागातला नेहमीचा पेचही येथे आड येत नाही, कारण पुण्याचे एनसीसीएस, हैदराबादचे सीसीएमबी आणि बंगळूरचे एनसीबीएस या पेशी व जीवशास्त्र संशोधनाच्या केंद्रीय संस्था रहिवासी दाखला पाहून पीएच.डी.ला प्रवेश देत नाहीत.

खरी परीक्षा चिकाटीची आहे. माणसाच्या पेशी ३७ अंश तापमान आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेल्या इन्क्यूबेटरमध्ये वाढवतात. त्यांची गर्दी झाली की पोषक द्रवाचा लालसर रंग पिवळट होऊ लागतो आणि त्या वेळीच नव्या फ्लास्कमध्ये हलवाव्या लागतात, मग तो रविवार असो वा गणेशचतुर्थी. मायकोप्लाझ्मा या अतिसूक्ष्म जिवाणूचा संसर्ग तर साध्या सूक्ष्मदर्शकात दिसतही नाही आणि कित्येक आठवड्यांचे काम वाया घालवतो. ज्याला याचा वैताग येतो, त्याने या वाटेला न गेलेलेच बरे.

कर्करोग संशोधक डॉ. कमल रणदिवे यांनी वैद्यकीय शिक्षण घ्यावे, अशी त्यांच्या वडिलांची इच्छा होती. त्यांनी जीवशास्त्र निवडले आणि पुढे मुंबईत भारतातील पहिली ऊतीसंवर्धन (शरीराबाहेर पेशी व ऊती वाढवण्याचे तंत्र) संशोधन प्रयोगशाळा उभारली. सर्वांना असे यश मिळत नाही, हेही खरेच.

म्हणून एम.एस्सी.साठी महाविद्यालय निवडताना तेथे पेशीसंवर्धनाची चालू प्रयोगशाळा आहे का, आणि प्रकल्पाचे काम विद्यार्थी स्वतःच्या हाताने करतात का, हे प्रत्यक्ष जाऊन पाहावे. त्या प्रकल्पाच्या काळात तिचा कल स्पष्ट होईल. नाही जमले, तर हाच अनुभव पुण्या-बंगळूरच्या लस व जैवऔषध कंपन्यांत उपयोगी पडतो, आणि बी.एड. त्यानंतरही करता येते.