हात मोजतेस ना, मग बोलणंही मोज

अगं,

मेसेज दोनदा वाचला. तुझ्याकडे फिजिओथेरपीला येणारा १६ महिन्यांचा मुलगा, जन्मताना उजव्या हाताच्या नसा ताणल्या गेलेल्या, सी-५ सी-६ सी-७ (मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसा), बायसेप्स म्हणजे दंडाचा स्नायू ५व्या महिन्यात हलायला लागला, सर्जरी नाही. खांद्याची रेंज अंशांसकट लिहिलीयस, छान. आणि मग सगळ्यात शेवटी एक ओळ, की अजून बोलत नाही, बोटही दाखवत नाही, पण सीनियर म्हणाले ते आपलं काम नाही, २ वर्षांपर्यंत थांबू. मी हे सगळं लिहितेय ते त्या एका ओळीसाठी.

हात मोजतेस ना, मग बोलणंही मोज. त्याच दिवशी, त्याच कागदावर.

सीनियरचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. हाताच्या नसा मानेतून निघतात, जिभेची नस वेगळी, ती थेट मेंदूतून येते, त्यामुळे जन्माच्या वेळी मान ताणली गेली म्हणून जीभ लुळी पडत नाही. मीही वर्षानुवर्षं आयांना हेच सांगितलं. पण बाळ काय नुसत्या जिभेने बोलायला शिकतं का? ६-७ महिन्यांचं बाळ खुळखुळा आपटायला लागतं आणि साधारण त्याच सुमाराला बाबाबा दादादा सुरू होतं. मग वस्तू उचलून तोंडात घालतं, आपल्या हातात आणून देतं, वर्षाच्या आसपास बोट दाखवतं, आणि दर वेळी आपण त्या वस्तूचं नाव घेतो. आता ज्याचा एक हात वरच जात नाही, रांगणं उशिरा किंवा तिरकं, बसल्यावर तोल जातो, त्याच्या हातात वस्तू कमी येतात आणि मग कानावर नावंही कमी पडतात. जन्मताना हाताच्या नसा दुखावलेल्या अशाच मुलांवर मिशिगन विद्यापीठातल्या टीमचा २०१४ चा अभ्यास आहे, मुलं मोजकीच होती, पण त्यातल्या जवळजवळ ३० टक्के मुलांत भाषेला उशीर सापडला. म्हणजे या सगळ्या मुलांचं बोलणं अडतं असं नाही, बरीचशी छान बोलतात. पण कुठलं अडतंय ते तपासल्याशिवाय कळणार कसं?

आता माझं सांगते. एक मुलगी माझ्याकडे ३ आठवड्यांची असल्यापासून येत होती. तिचा चांगला हात रोज काही तास मोज्यात बांधून ठेवायला मीच सांगितलं, म्हणजे अधू हात वापरेल. वापरलाही. पण ती बोट दाखवायची ते त्याच चांगल्या हाताने, आणि ते आपण बांधून ठेवतोय हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तिचं ते एकच बोलणं होतं तेव्हा. स्ट्रेचिंग करताना ती रडायची, आई पाय धरून बसायची, मी मोठ्याने आकडे मोजायचे, एक ते वीस, परत एक ते वीस. अडीच वर्षांची झाली तेव्हा खांदा इतका सुरेख वर जात होता की मी सगळ्यांना बोलावून दाखवला, आणि तिच्याकडे जेमतेम आठ शब्द होते. आईने मला आधी तीनदा विचारलं होतं. तिन्ही वेळा मी म्हटलं, होईल हो, एवढं सोसलंय तिने, वेळ द्या.

मी निष्काळजी नव्हते हे मात्र तुला सांगायचंय. आम्हाला हे कोणी शिकवलंच नव्हतं, एका बाळाला जेमतेम २० मिनिटं मिळायची, बाहेर रांग. आणि तो हात वर आला तो माझ्याच मेहनतीने, ती स्वतःचे केस स्वतः विंचरते. ते खोटं नाही. पण त्या २० मिनिटांतलं १ मिनिट 'किती शब्द येतात' हे विचारायला पुरलं असतं, आणि तेवढं मी विचारलं नाही. म्हणून तुझ्या मागे लागलेय.

आणि 'आईला घाबरवल्यासारखं होईल का' हे काय विचारतेस! आईला सगळ्यात आधी कळलेलं असतं गं. ती वाटच बघत असते कोणीतरी विचारेल म्हणून. तू गप्प बसलीस की तिला वाटतं आपणच उगाच काळजी करतोय.

मोज्याची थेरपी बंद कर असं मी म्हणत नाहीये, ती उपयोगी आहे. पण मोजा घातलेला असताना तुझा तो मुलगा ज्या वस्तूकडे बघेल तिचं नाव घ्यायचं, आवाज काढला तर उत्तर द्यायचं, आणि जेवताना खेळताना मोजा काढायचा. स्ट्रेचिंगला आकडे मोजत बसू नका, 'वर, वर, वर... खाली' म्हणा, मधे थांबा, त्याला काही म्हणायचंय का बघा. दिवसातून इतक्या वेळा हात हलवायचाच आहे, तेवढ्या वेळा त्याच्याशी बोलणंही होईल.

फाइलमधे कानाची तपासणी दिसली नाही मला. ओएई, बेरा (बाळाला ऐकू येतं का ते बघायच्या चाचण्या) काही झालंय का विचार, नसेल तर आधी ते. बाळंतपण अवघड होतं म्हणतेस, मग जन्मल्यावर लगेच रडला का, एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात होता का, श्वासाचा त्रास होता का तेही विचार, कारण त्याच ओढाताणीत डायफ्रामची, म्हणजे श्वासाच्या पडद्याची नसही कधी दुखावते, आणि मेंदूला ऑक्सिजन कमी पडला असेल तर तो प्रश्न हाताच्या नसेचा नाही, वेगळाच आहे. आणि स्पीच थेरपिस्टकडे पाठवायची चिठ्ठी याच आठवड्यात दे. २ वर्षं पूर्ण व्हायची वाट कशाला बघायची? १६व्या महिन्यात बोट दाखवत नाही एवढं कारण पुरेसं आहे. सीनियर रागावले तर माझं नाव सांग.

उद्या त्या आईला फोन कर. मोजा काढून, त्याच्या आवडीची वस्तू थोडी उंच ठेवून, २ मिनिटांचा व्हिडिओ काढायला सांग, आणि तिने मधे बोलायचं नाही, तो काय करतो ते फक्त बघायचं. मला पाठव. रात्री बघते.