वाचकांचे प्रश्न : बागेतला अक्रोड

प्रश्न : बी लावून वाढवलेलं अक्रोडाचं झाड नऊ वर्षांचं झालं. दरवर्षी हिरवे तुरे लोंबतात, पण एकही अक्रोड धरत नाही. झाडात काही दोष आहे का?

उत्तर : दोष असेलच असं नाही. बीपासूनच्या झाडाला फळ धरायला आठ-दहा वर्षं सहज लागतात, कधी त्याहून जास्तही. कलमाचं झाड चौथ्या ते सहाव्या वर्षी सुरू होतं. तुम्हाला दिसतात ते तुरे नरफुलांचे. ते गेल्या वर्षीच्या फांदीवर येतात. मादीफूल मात्र नव्या फुटव्याच्या टोकाला येतं. ते हिरवं आणि बोटाच्या पेरापेक्षा लहान असतं, वर पिसासारखी दोन टोकं असतात. पानं उलगडताना शिडी लावून ती फुलं शोधा, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

मादीफुलं मुळीच नसतील, तर झाड अजून लहान आहे, किंवा छाटणीत फांद्यांचे शेंडे गेले आहेत, किंवा थंडी कमी पडते आहे. बहुतेक जातींना हिवाळ्यात ७ अंश सेल्सिअसखालचे साधारण ७०० ते १००० तास लागतात. तेवढी थंडी नसेल तर डोळे उशिरा आणि विखरून फुटतात. यावर खताचा काही उपयोग नाही.

मादीफुलं येऊन गळत असतील, तर बहुधा वेळ जुळत नाही. एकाच झाडावरची नरफुलं आणि मादीफुलं सहसा एकाच वेळी तयार होत नाहीत, काही जातींत आधी नर, काहींत आधी मादी. परागण वाऱ्याने होतं, मधमाश्यांचा त्यात वाटा नाही. म्हणून वेळ जुळणारी दुसरी जात जवळ हवी. चँडलर जातीजवळ फ्रँकेट ही जात लावतात ते याचसाठी. तोवर दुसऱ्या झाडाचे पिवळे होऊ लागलेले तुरे तोडून रात्रभर कोरड्या खोलीत कागदावर पसरा. पडलेली पिवळी पूड मलमलीच्या पुरचुंडीत बांधून, मादीफुलाची दोन टोकं फाकलेली असताना त्यावर हलकेच झटका. पूड बेतानेच वापरा. ‘सर’सारख्या जातीत पराग जास्त झाले तरी मादीफुलं गळतात. फुलं काळी पडून गळली असतील तर मात्र उशिराच्या हिमाने मारली आहेत.

प्रश्न : घराच्या भिंतीपासून पाच मीटरवर जागा आहे. तिथे कलम लावावं का?

उत्तर : नको. वाढलेल्या झाडाचा घेर १२ मीटरच्या पुढे जातो आणि ते माणसाच्या आयुष्याहून जास्त टिकतं. चहूबाजूंनी निदान सहा-सात मीटर मोकळे हवेत. जमीन खोल हवी, सामू (pH) ६ ते ७.५, आणि निचरा उत्तम. पाणी साचणाऱ्या जागी फायटॉप्थोरा बुरशीने खोडाचा बुंधा सडतो आणि चांगलं वाढलेलं झाड अचानक सुकतं. खात्री करायची तर ६० सेंमी खोल खड्डा पाण्याने भरा. दुसऱ्या दिवशीही पाणी उभं असेल तर ती जागा सोडा.

लागवड पानं गळल्यावर करावी. सोटमूळ मुडपू नका, मोडलेला भागच तेवढा कापा. कलमाचा सांधा जमिनीच्या पाच-सात सेंमी वर राहू द्या, खड्ड्यात रासायनिक खत घालू नका. पाण्याचं आळं खोडापासून लांब करा, म्हणजे बुंधा कोरडा राहील.

प्रश्न : हिवाळा संपताना फांदी कापली, तर चार दिवस पाणी ठिबकतं आहे. जखमेवर रंग लावू का?

उत्तर : रंग लावू नका. आतला दाब कोणताही लेप उखडून टाकतो आणि लेपाखाली ओल राहून कुज लागते. पाझर आपोआप थांबतो. यापुढे छाटणी पानं पूर्ण उलगडल्यानंतर, भर उन्हाळ्यात ते उन्हाळा सरता सरता करा. जाड फांदी तीन कापांत काढा : बुंध्यापासून हातभर पुढे खालून पाव भाग, त्याच्या थोडं पुढे वरून आरपार, आणि शेवटी उरलेला खुंट फांदीच्या मुळाशी असलेल्या फुगीर कड्याला धक्का न लावता. अरुंद कोनात निघालेल्या जोडफांद्या लहानपणीच एकेरी करा. पुढे अक्रोडांच्या भाराने त्या सांध्यातच चिरतात.

प्रश्न : हिरव्या फळांवर काळे डाग पडतात. काय फवारावं?

उत्तर : आधी डाग केव्हा आणि कुठे पडतो ते बघा. फळ लहान असताना फुलाच्या टोकाकडून ओलसर काळा डाग, आत गर काळा आणि फळगळ, असं असेल तर हा जिवाणूजन्य करपा; पावसाळी वसंतात तो भडकतो. फळ पक्व होत आलं असताना साल मऊ, काळी, चिकट होऊन आत पांढऱ्या अळ्या सापडल्या, तर ती सालमाशी. उन्हाच्या बाजूलाच कोरडा तपकिरी चट्टा असेल तर ते ऊन लागणं आहे, त्यावर फवारणीची गरज नाही.

करप्यासाठी डोळे उमलू लागताच १ टक्का बोर्डो मिश्रण : ५ लिटर पाण्यात १०० ग्रॅम मोरचूद, दुसऱ्या ५ लिटरमध्ये १०० ग्रॅम कळीचा चुना, भांडी प्लॅस्टिकची. दोन्ही गाळून एकत्र ओता, त्यात लोखंडी पातं मिनिटभर बुडवा. पात्यावर तांबूस थर आला तर आणखी चुना घाला, नाहीतर पानं भाजतील. मिश्रण त्याच दिवशी संपवा. पाऊस चालू राहिला तर सात ते दहा दिवसांनी परत फवारा. आधीच काळी पडलेली फळं यानं बरी होत नाहीत. सालमाशीला बोर्डो लागू पडत नाही. तिथे पडलेली फळं रोज उचलून नष्ट करणं हाच घरच्या बागेतला खरा उपाय.

प्रश्न : पानांवर वरून फोड, खालून पिवळट लव. रोग आहे का?

उत्तर : कोळ्याच्या जातीच्या सूक्ष्म किडीचं काम आहे. पीक घटत नाही, सोडून द्या.

प्रश्न : झाडाखाली टोमॅटो लावले, ते कोमेजून मेले.

उत्तर : अक्रोडाच्या मुळांत, पानांत आणि हिरव्या सालीत जुग्लोन असतं, टोमॅटो, बटाटा, वांगं आणि सफरचंद यांना ते बाधतं. ‘काळा अक्रोड’ या वेगळ्या प्रकारच्या झाडात ते फार जास्त असतं. भाजीचे वाफे फांद्यांच्या घेराबाहेर न्या. कांदा, बीट, मका सहसा तगतात.

प्रश्न : अक्रोड काढायचे केव्हा, आणि वाळवायचे कसे?

उत्तर : हिरवी साल तडकू लागली की एक फोडून बघा. गराच्या दोन भागांमधला पडदा तपकिरी झाला असेल तर गर तयार आहे. मग रेंगाळू नका, कारण साल आत काळपटपणा उतरवते. साल एक-दोन दिवसांत काढा. हातमोजे घाला, डाग आठवडाभर जात नाहीत. धुऊन सावलीत, वाऱ्यावर, जाळीवर एका थरात पसरा आणि रोज परता. यंत्रात वाळवायचे तर ४० अंशांच्या वर नेऊ नका, तेल खवट होतं. पडदा वाकतो आहे तोवर ओल आहे. तो कडकन तुटला की भरून ठेवा. कवचासकट फ्रिजमध्ये वर्षभर टिकतात. झाडाखाली बुरशी आलेले अक्रोड पडू देऊ नका. घरात कुत्रा असेल तर नक्कीच नाही, त्या बुरशीच्या विषाने कुत्र्यांना झटके येतात.