परराज्यातला साक्षीदार

अनेक उत्तम आशीर्वाद.

द्राक्षव्यापाऱ्याच्या फसवणुकीच्या खटल्यात तुझ्याकडे त्याच्या मुनीमाचं वकीलपत्र आहे. दिल्लीचे दोन साक्षीदार नाशिकला न आणता तिथेच तपासावेत, असा सरकारी वकिलांचा अर्ज आलाय, आणि त्यावर ‘हरकत नाही’ लिहावं असं तुझ्या मनात आहे. दोघांसाठी एकच उत्तर लिहू नकोस.

बँकेचा अधिकारी फक्त खातेउतारा शाबीत करणार. त्याची साक्ष खुशाल व्हीसीवर, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सिंगवर, होऊ दे. ‘आरोपीच्या समक्ष’ यात पडद्यावरची हजेरीही येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्येच प्रफुल्ल देसाई प्रकरणात मान्य केलंय, आणि 1 जुलै 2024 पासून नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्यातच, तशी सोय आहे. कागद मात्र आधी तिकडे पोहोचलेत ना, ते बघ.

आझादपूर मंडीतल्या आडत्याची गोष्ट वेगळी. रोकड मुनीमाच्या हातात दिली, असं तो म्हणतो. तुझ्या अशिलाचं सगळं भवितव्य त्या ओळखीवर आहे. व्हीसीत कॅमेरा आरोपीकडे वळवून ‘हाच का तो?’ विचारलं, की पडद्यावर एकच चेहरा असतो. त्याला ओळख म्हणायला माझं मन धजत नाही. हा माणूस नाशिकच्या कोर्टात, पिंजऱ्यात उभा राहिलाच पाहिजे, असा आग्रह धर. लांबून यायचं म्हणजे खर्च, असं सरकार म्हणेल. साक्षीदाराचा वाजवी खर्च सरकारने द्यावा, असा हुकूम न्यायालय याच संहितेच्या कलम 350 खाली करू शकतं, तेव्हा नुसता ‘खर्च’ हा शब्द पुरत नाही. कमिशन काढायला, म्हणजे साक्ष तिथल्याच न्यायाधिकाऱ्याकडून नोंदवून घ्यायला, कलम 319 प्रमाणे अवाजवी विलंब, खर्च किंवा गैरसोय दिसावी लागते.

तरीही कमिशन निघालंच, तर ते तिथल्या मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाईल. लेखी प्रश्नावली पाठवून गप्प बसू नकोस. उलटतपासातला पुढचा प्रश्न मागच्या उत्तरातून निघतो, तो नाशिकमध्ये बसून आधी कसा लिहिणार? कलम 322 तुला तिथे वकिलामार्फत हजर राहून प्रश्न विचारू देतं. आणि हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही: सरकारी साक्षीदारासाठी कमिशन काढताना आरोपीचा खर्च, वकिलाच्या फीसकट, सरकार पक्षाने द्यावा असा आदेश न्यायालय देऊ शकतं. कलम 319 मध्येच ते आहे. पगारावर जगणाऱ्या मुनीमाला दिल्लीवारी परवडणार नाही, म्हणून ही मागणी पहिल्याच उत्तरात घाल.

व्हीसीवर शपथ चालू असताना आवाज तुटला, तर ती पुन्हा द्यायला सांग. मिनिटभर जाईल, जाऊ दे. खोलीत दुसरं कोणी नाही ना, हे तिकडच्या टोकाला व्हीसी सांभाळणाऱ्या समन्वयकाकडून रेकॉर्डवर घे. आडत्या हिंदीत बोलणार आणि नोंद मराठीत होणार, तेव्हा जबाब त्याला समजेल अशा भाषेत वाचून दाखवल्याशिवाय पुढे जाऊ देऊ नकोस.

हे सगळं आत्ताच अंगवळणी पाड. सिंहस्थ तोंडावर आहे. पर्वणीच्या गर्दीतल्या चोऱ्यांचे फिर्यादी आणि साक्षीदार बिहार, राजस्थानला परत गेलेले असतील, आणि असे अर्ज रोज पडतील.

उत्तराचा मसुदा तारखेच्या आधी घेऊन ये. आडत्याचा पोलिसांपुढचा जबाबही आण. त्यात मुनीमाचं वर्णन आहे की नुसतं नाव, ते आधी पाहू.